टक्का

अंगाने तो अगदी किरकोळ. एक आकडा, एक दशांश चिन्ह आणि पुढे आणखी एक आकडा, एवढाच त्याचा देह. पण तो जाहीर झाला की सरकार स्वतःची पाठ थोपटून घेतं किंवा विरोधक सभागृह डोक्यावर घेतात, आणि वर्तमानपत्रं त्याला पहिल्या पानावर जागा देतात. कागदोपत्री त्याचं नाव बेरोजगारीचा दर. बोलताना सगळे त्याला टक्काच म्हणतात. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षात महाराष्ट्रात तो ३.३ भरला. त्याच वर्षी शेजारच्या मध्य प्रदेशात तो १.० होता, छत्तीसगडात २.५, तेलंगणात ४.८ आणि गोव्यात ८.५. देश एक, मोजणारं खातं एक, वर्ष एक. आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एवढी तफावत.

नागभीडकरांनी या टक्क्याला नीट ओळखून असायला हवं, कारण चंद्रपूर जिल्ह्यातलं आपलं गाव त्याच्या वाटेवर आहे. गोंदियाहून सुटलेली गाडी वडसा, ब्रह्मपुरी करत नागभीडला येते. पुढे सिंदेवाही, मूल, चांदा फोर्ट करत बल्लारशाला पोहोचते. गोंदियाच्या वर बालाघाट, म्हणजे मध्य प्रदेश. बल्लारशाच्या खाली कागजनगर, म्हणजे तेलंगणा. एका दिवसाच्या प्रवासात माणूस एक टक्क्याच्या राज्यातून निघून तीन टक्क्यांच्या राज्यातून जातो आणि पाच टक्क्यांच्या दाराशी उतरतो. बालाघाटपासून नागभीडपर्यंत खिडकीबाहेरचं चित्र फारसं बदलत नाही. तेच धान, त्याच बांध्या, तेच तलाव, बांधावर तोच मोह. बालाघाटात आपल्यापेक्षा तिपटीने जास्त कामं आहेत, असं तिकडून आलेला एकही पाहुणा सांगत नाही. मग टक्का तिकडे एवढा बारीक का आणि खाली उतरला की अंग का धरतो? त्यासाठी त्याचा स्वभावच तपासावा लागतो.

त्याचा मोठा गुण आधी सांगतो. तो खोटं बोलत नाही. केंद्र सरकारचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण करतं. त्यांची माणसं टॅब्लेट घेऊन निवडलेल्या गावांत, निवडलेल्या घरांत जातात, घरातल्या एकेका माणसाबद्दल विचारतात आणि उत्तराप्रमाणे त्याला एक सांकेतिक क्रमांक देतात. त्या क्रमांकांच्या बेरजेतून टक्का जन्माला येतो. त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर येतं. जी माणसं काम करतात किंवा काम मागतात, त्या शंभरांपैकी किती जणांना काम मिळालं नाही? याच्या पलीकडे तो एक अक्षर बोलत नाही. मजुरी किती पडली, काम किती दिवस टिकलं, त्यासाठी किती लांब जावं लागलं, कामावर जीव धोक्यात आला का, हे त्याला कुणी विचारलेलं नाही. न विचारलेलं तो सांगत नाही. त्याच्याबद्दलचे सगळे गैरसमज इथून सुरू होतात.

त्याची काम करण्याची पद्धत जवळून पाहायची, तर नागभीड तालुक्यातलं धान पिकवणारं एक साधं घर डोळ्यांसमोर आणा. महिना फेब्रुवारीचा. खरिपाचं धान कापून, चुरून, विकून झालेलं. बांध्यांत लाखोळीचा हिरवा तुकडा उरलेला, बाकी वावर मोकळं. ओसरीवर म्हातारा बसला आहे. त्याला विचारलं, तुम्ही काय करता? तो म्हणतो, “का करतो म्हंजे? वावर आहे, तेच करतो.” त्याला ११ क्रमांक मिळतो, म्हणजे स्वतःच्या धंद्यात स्वतः राबणारा. वावर दीड एकराचं आहे आणि वर्षातले निम्मे महिने त्यात काम नसतं, याने त्या क्रमांकात फरक पडत नाही. म्हातारा रोजगारात गेला.

थोरला मुलगा बापाबरोबर त्याच वावरात राबतो. त्याच्या हातात वेगळी मजुरी पडत नाही. त्याला २१, घरच्या उद्योगातला बिनपगारी मदतनीस. तोही रोजगारात. दीड एकराला एका माणसाचे हात पुरतात की दोन माणसांचे, हा प्रश्न यादीत नाही. एका माणसाचं काम दोघांनी वाटून घेतलं तरी टक्क्याच्या लेखी ते दोन रोजगार.

धाकटा बी.ए. झाला आहे. पहाटे तो गावातल्या पोरांबरोबर डांबरी रस्त्यावर धावतो, पोलीस भरती आहे. दिवसभर अभ्यासिकेत. विचारलं तर म्हणतो, “सद्या काई नाई जी. भरतीची तयारी चालू आहे. काम भेटलं तं करीन.” हा खरा बेरोजगार, असं तुम्हाआम्हाला वाटेल, आणि टक्क्यालाही आधी तसंच वाटतं, त्याच्याकडे यासाठी ८१ क्रमांक आहे. पण वर्षाचा हिशेब करताना एक जोडप्रश्न येतो. गेल्या ३६५ दिवसांत कधी तीस दिवस किंवा त्याहून जास्त काम केलं का? पोरगा प्रामाणिक. रोवण्याच्या दिवसांत हुंड्याने, म्हणजे ठेक्याने, लोकांच्या बांध्या रोवल्या, कार्तिकात धान कापलं, असं तो सांगतो. तीस दिवस सहज भरले. संपला विषय. वर्षाच्या हिशेबात तो रोजगारातला माणूस झाला.

याच पोराला दुसऱ्या मापानेही मोजतात, चालू आठवड्याच्या मापाने. गेल्या सात दिवसांत कुठल्याही दिवशी एक तास तरी काम केलं का, एवढंच त्यात पाहतात. फेब्रुवारीत विचारलं तर नाही, म्हणून बेरोजगार. जुलैत विचारलं असतं तर होय, म्हणून रोजगारात. पोरगा तोच, त्याची डिग्री तीच, चिंता तीच. माप बदललं की त्याचा रकाना बदलतो. देशाचा २०२३-२४ चा टक्काही असाच दुहेरी आहे: वर्षाच्या मापाने ३.२ आणि आठवड्याच्या मापाने ४.९. दोन्ही खरे. एका राज्याचा वर्षाचा आकडा आणि दुसऱ्याचा आठवड्याचा आकडा शेजारी ठेवून वाद घालणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

आता घरातल्या बाया. म्हातारी रोज रानातून जळाऊ लाकडाची मोळी आणते, भाजी आणते, बकऱ्यांना चारा आणते, सगळं घरच्यासाठी. तिला ९३, घरकाम आणि सोबत फुकट वस्तू गोळा करणं. या क्रमांकाची माणसं श्रमबलाच्या बाहेर. म्हणजे ती कामावरही नाही आणि बेरोजगारही नाही. टक्क्याच्या भागाकारात ना वर, ना खाली. बारावी झालेली नात म्हणते, “घरीच असतो.” तिला ९२, तीही बाहेर. पण हीच पोर जरा धीर करून म्हणाली असती की नर्सिंगचं काम मिळालं तर करीन, तर ती त्याच क्षणी बेरोजगार ठरली असती आणि टक्का वर सरकला असता. माणसाने आशा सोडली की टक्का उतरतो, आशा धरली की चढतो. ज्या राज्यात मुली शिकतात आणि नोकरी मागायला उंबरठा ओलांडतात तिथे टक्का जाड दिसतो. ज्या राज्यात त्या गप्प बसतात तिथे तो सडपातळ. त्याच्या सडपातळपणाला तब्येत समजू नये.

राहिली सून. ती घरी नाही. ती खम्ममकडे मिरची तोडायला गेली आहे.

जानेवारी लागला की नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीतून बायांच्या टोळ्या तेलंगणाकडे निघतात. पहाटेच्या अंधारात गावाच्या तोंडाशी पिकअप उभी राहते. तांदळाचं गाठोडं, तिखट-मीठ, एक गंज, अंथरूण, कडेवरचं लेकरू, सगळं तिच्यात कोंबतात. मोठं पोर शाळेत असेल तर आजीजवळ, नाहीतर तेही सोबत. तिकडे शेतातच पाल ठोकून राहायचं. दिवसभर वाकून लाल मिरची तोडायची, वजनावर पैसे घ्यायचे. रात्री हाताची आग होते. तो हात लेकराच्या तोंडाला लावता येत नाही. महिना-दोन महिने असे काढून, होळीच्या पुढे-मागे, काही हजार रुपये आणि घरापुरती मिरची घेऊन बाई परत येते. आपल्या नागपूर रस्त्यावर भिवापूर आहे, भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीचं गाव. तिथे मिरचीच्या सातऱ्यांवर देठ खुडायला बाया बसतात, पण त्या सातऱ्यांनी सगळ्या झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या धानाच्या मुलखाचं, पोट भरत नाही. म्हणून राज्याची हद्द ओलांडून जाणारी ही वाट.

टक्का या बाईचं काय करतो? सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर गेलेलं माणूस सर्वेक्षणात आपल्याच घरचं धरतात. तेव्हा ती मोजली जाते नागभीडच्या घरात, महाराष्ट्राच्या खात्यावर, आणि तिने वर्षात तीस दिवसांहून जास्त काम केलेलं असल्यामुळे रोजगारात. काम दिलं खम्ममच्या शेताने, टक्का खाली आला मुंबईच्या मंत्रालयाचा. आणि ज्या तेलंगणात आपल्या बायांना काम मिळतं, त्याचा स्वतःचा टक्का आपल्याहून जास्त, ४.८. कारण तिथे शिकलेली पोरं हैदराबादेत नोकरीची वाट पाहत बसली आहेत. ती मिरची तोडायला वाकत नाहीत आणि त्यांच्या घरच्यांना त्यांना वाकवायची गरज पडत नाही. शेजाऱ्याचा टक्का आपल्याहून मोठा असताना आपलीच माणसं त्याच्याकडे मजुरीला जातात, हे कोडं एकदा सुटलं की टक्क्याचा अर्धा स्वभाव कळतो.

उरलेला अर्धा गोव्यात कळतो. देशात दरडोई उत्पन्नात पुढे असलेलं ते राज्य, आणि त्या वर्षी सगळ्या राज्यांत टक्का सर्वांत मोठा तिथेच. तिथला पदवीधर सरकारी नोकरीची दोन-चार वर्षं वाट पाहू शकतो. घरात कुणाचं पेन्शन असतं, कुणी आखातात किंवा बोटीवर असतं, भाड्याची खोली असते. बांधकामावरचं, मासेमारीच्या ट्रॉलरवरचं काम करायला बाहेरच्या राज्यांतून माणसं येतात. उलट मध्य प्रदेशात खूप मोठा वर्ग शेतीत. घरच्या वावरात बापाबरोबर, नवऱ्याबरोबर राबणारे सगळे रोजगारातच धरले जातात. रिकामं बसून राहायला घरात काहीतरी साठा लागतो. ज्याच्या घरी तो नाही त्याला मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर, आजच्या आज धरावं लागतं. म्हणूनच देशभर निरक्षरांमध्ये हा टक्का शून्याच्या जवळ असतो आणि पदवीधरांमध्ये दोन अंकी. निरक्षरांचं बरं चाललं आहे, असं त्यावरून कुणी म्हणेल का?

हे केवळ आपल्या देशापुरतं नाही. युरोपात स्पेन आणि पोर्तुगाल हे सख्खे शेजारी. दोन्ही देशांतली हुकूमशाही १९७० च्या दशकाच्या मध्याला संपली, दोघेही १९८६ मध्ये युरोपीय समुदायात एकदमच दाखल झाले. कामगार कायद्यांची ठेवणही बरीचशी सारखी. तरी १९९४ च्या सुमारास स्पेनचा टक्का २४ च्या घरात आणि पोर्तुगालचा ७ च्या आसपास. ऑलिव्हिए ब्लांशार आणि हुआन हिमेनो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये या जोडीवर स्वतंत्र निबंध लिहिला, कारण एवढ्या सारख्या शेजाऱ्यांत एवढा फरक पाठ्यपुस्तकात बसत नव्हता. ज्या कारणांची चर्चा झाली त्यात दोन ठळक होती: पोर्तुगालमध्ये बेरोजगार भत्ता बराच काळ तुटपुंजा राहिला आणि मंदीत तिथली खरी मजुरी खाली आली, स्पेनमध्ये भत्ता बरा होता आणि मजुरी सहज हलली नाही. एकीकडे मंदीचा मार मजुरीवर पडला, दुसरीकडे माणसांच्या संख्येवर. मार दोन्हीकडे बसला. टक्क्याने फक्त दुसरा टिपला. नागभीडच्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. तिच्या आयुष्यात मंदी नेहमी मजुरीवर आणि दिवसांवर येते, रोजगारावर येत नाही.

आपल्याकडच्या जाणत्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. नियोजन आयोगाने मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली बेरोजगारीच्या अंदाजांसाठी तज्ज्ञ समिती नेमली. १९७० मध्ये तिने सांगितलं की जिथे बहुसंख्य माणसं स्वतःच्या शेतात नाहीतर घरच्या धंद्यात राबतात तिथे बेरोजगारीचा एकच एक आकडा काढणं निरर्थक आहे. वर्ष, आठवडा आणि दिवस अशा वेगवेगळ्या मापांनी पाहा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९७२-७३ च्या २७ व्या फेरीत तशी मापं वापरली गेली. तिसरं माप दिवसाचं होतं. माणसाला किती दिवस काम मिळालं आणि किती दिवस मिळालं नाही, हे त्यात दिसायचं. झाडीपट्टीसारख्या एकपिकी मुलखाचं दुखणं दिवसाच्या मापातच उघडं पडतं. पण आजच्या मथळ्यांत ते माप कुठे दिसत नाही.

त्याच सुमारास, १९७२ च्या दुष्काळात, महाराष्ट्राने याच दुखण्यावर रोजगार हमी योजनेचं औषध काढलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग आधीच करून पाहिला होता. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि मागेल त्याला काम हा सरकारचा शब्द ठरला. पुढे केंद्राने राष्ट्रीय कायदा केला तेव्हा २००६ मध्ये राज्यातल्या पहिल्या बारा जिल्ह्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही होते. रोजगार हमीच्या कामावरचं मस्टर पाहिलं आहे ना? त्यात प्रत्येक मजुरापुढे रोजची हजेरी असते, आठवड्याची बेरीज असते, मजुरीचा आकडा असतो. मस्टर दिवस मोजतं. टक्का माणसं मोजतो. गरिबाचं पोट दिवसांवर चालतं, म्हणून मस्टर त्याच्या जवळचं.

आता टक्क्याच्या आणखी एका सवयीकडे पाहू. तो राज्याचं तोंड घेऊन फिरतो, जिल्ह्याचं नाही. आजवरच्या वार्षिक अहवालांत चंद्रपूर जिल्ह्याचा वेगळा आकडा नाही, गडचिरोलीचा नाही, नागभीडचा तर नाहीच. पुण्याचे कारखाने, मुंबईची कार्यालयं आणि आपल्या बांध्या एकाच ३.३ मध्ये कालवल्या जातात. चंद्रपूर जिल्ह्यातच दोन मुलूख आहेत. पश्चिमेला वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना, म्हणजे कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, कापूस. मध्यभागी २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल. आणि पूर्वेला आपण, धान आणि जंगल. पश्चिमेकडचा तरुण खाणीतल्या कंत्राटी नोकरीसाठी अर्ज करून थांबतो आणि बेरोजगार ठरतो. पूर्वेकडचा तरुण कुठे अर्ज करणार? तो रोवण्याला जातो आणि रोजगारात ठरतो. वैनगंगेपलीकडचं गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथे आता सूरजागडच्या लोहखनिजावर कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे. नोकरीची आशा जागी झाली की तिथला टक्का आधी वाढेल, आणि ते वाईट लक्षण मुळीच नसेल.

टक्क्याला न दिसणाऱ्या गोष्टींत सगळ्यांत वेदनेची गोष्ट मे महिन्यातली आहे. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचून झाली की तेंदूपानांचा हंगाम येतो, आठ-पंधरा दिवसांचा. पहाटे चार वाजता माणसं जंगलात शिरतात, पानं तोडतात, दुपारी घरी सगळं घर मिळून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतं, संध्याकाळी ते फळीवर मोजून देतात. हंगाम थोडा, पैसा रोख, म्हणून घरात कुणी मागे राहत नाही. आणि ब्रह्मपुरी वनविभागाच्या या जंगलात वाघांची दाटी. मे २०२५ मध्ये सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. आदल्या दिवसापर्यंत त्या तिघी टक्क्याच्या हिशेबात रोजगारातल्या होत्या. वाघ आहे हे माहीत असून जे काम सोडता येत नाही, ते काम आणि पुण्यातली आठ तासांची पगारी नोकरी त्याच्या लेखी सारखीच, एकाला एक. एवढा मोठा फरक ज्याच्या नजरेतून सुटतो, त्याच्याकडून शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या सुखदुःखाचा निवाडा मागणं हा आपलाच अविचार.

सुधारणा झाली तरी तिची त्याला खबर लागत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून तिथली ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. बांबूच्या कामाने मजुरी गावातच उभी राहिली आणि पोटासाठी गाव सोडण्याची पाळी सरली. पाचगावच्या माणसाच्या आयुष्यात याहून मोठा बदल कोणता? पण आधी तो परमुलखात मजुरी करत होता, म्हणजे रोजगारात. आता आपल्या जंगलात करतो, म्हणजे रोजगारातच. टक्का जागचा हलला नाही.

म्हणून मी त्याला दोष देत नाही. ज्या कामासाठी तो जन्मला ते काम तो चोख करतो. शहरात, पगारी नोकऱ्यांच्या जगात तो खूप काही सांगून जातो. शिकलेल्या पोरांची रांग किती लांब झाली, हे त्याच्याइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही. २०१७-१८ मध्ये देशाचा टक्का ६.१ निघाला तेव्हा त्याने साऱ्या देशाला खडबडून जागं केलं होतं. चूक होते ती दोन टक्के शेजारी उभे करून लहान कोण, मोठा कोण एवढंच पाहिलं जातं तेव्हा. मध्य प्रदेशाने एक टक्क्याचा अभिमान बाळगू नये, गोव्याने साडेआठाची लाज धरू नये, आणि महाराष्ट्राने मधल्या ३.३ वर निश्चिंत होऊ नये, कारण त्यातला काही भाग खम्ममच्या मिरचीने उचलून धरलेला आहे.

जानेवारी २०२५ पासून या सर्वेक्षणाची घडी बदलली आहे. टक्का आता दर महिन्याला जाहीर होतो, नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरतात, आणि खेड्यातल्या निवडलेल्या घरी माणसं लागोपाठ चार महिने येतात. चंद्रपूर-गडचिरोलीचं स्वतंत्र चित्र आता निघू शकतं. आपल्या आमदार-खासदारांनी ते मागावं, आणि टक्क्यासोबत कामाचे दिवस, मजुरी आणि कामासाठी गाव सोडलेल्यांची संख्या मागावी. ग्रामसभांनी तर वाटही पाहू नये. दिवाळीनंतर एक वही घालावी. कुणाला किती दिवस काम मिळालं, कुठे मिळालं, काय भाव मिळाला, कोणाची लेकरं सोबत गेली, हे महिन्याच्या महिन्याला लिहावं. शिकलेली, भरतीची वाट पाहणारी पोरं गावोगाव आहेत. हा हिशेब त्यांच्या हातून उत्तम होईल. आणि सर्वेक्षणवाले दारी आले तर बायांनी “घरीच असतो” म्हणून विषय मिटवू नये. केलेलं काम सांगावं, हवं असलेलं कामही सांगावं. आपण सांगितलं नाही तर टक्का आपल्यासाठी बोलणार नाही.